बेडी आली, किल्ली मागे राहिली

कोथरूडच्या चौकात महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा पुतळा उभा आहे. त्याच्या आसपासच्या सभागृहांतून संस्कृती आणि कुटुंबसंस्था या विषयांवर व्याख्याने होतात आणि त्यांत एक सूर हटकून ऐकू येतो. पत्नीच्या इच्छेविरुद्ध पतीने केलेला शरीरसंबंध गुन्हा ठरवा, या मागणीमागे पाश्चात्त्य व्यक्तिवाद आहे. आमच्याकडे विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे. परक्या नीतीची कलमे आमच्या घरावर कशाला, असा तो सूर. श्रोते माना डोलावतात. बाहेर पुतळा मुका असतो, म्हणून हा युक्तिवाद खपून जातो.

या युक्तिवादात एक मोठी ऐतिहासिक लबाडी आहे. पतीला पत्नीच्या देहावर कायमचा ताबा देणारी जी दोन कलमे आज ‘आपली संस्कृती’ म्हणून राखली जात आहेत, ती दोन्ही परकीच आहेत. पहिले कलम पत्नीला न्यायालयाच्या हुकुमाने नांदावयास आणण्याचे. ते इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आले. दुसरे, पतीला बलात्काराच्या आरोपातून सूट देणारे. ते सतराव्या शतकातील एका इंग्रज न्यायाधीशाच्या लेखणीतून आले. ज्यांना पश्चिमेचा एवढा विटाळ वाटतो, त्यांनी पश्चिमेकडून नेमके हेच उचलावे आणि त्याला संस्काराचे नाव द्यावे, यातच त्यांच्या संस्कृतिप्रेमाची परीक्षा होते.

रखमाबाईंचा खटला

या कथेचा आरंभ मुंबईत होतो. सुतार जातीतील रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी झाले. त्या पतीकडे कधीच नांदावयास गेल्या नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून त्या शिकल्या. १८८४ साली दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला: पत्नीने माझ्याकडे राहावयास यावे असा हुकूम व्हावा. रखमाबाईंचे उत्तर सरळ होते. ज्या लग्नाला आपण कधी संमती दिली नाही, ते आपण मानीत नाही.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. जी स्त्री त्या पुरुषाबरोबर कधी राहिलीच नाही तिला त्याच्या हवाली करणे रानटीपणाचे होईल, हा त्यांच्या निकालाचा एक भाग. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा होता. असा दावा हिंदू धर्मशास्त्राला ठाऊकच नाही, तो इंग्लंडमधून येथे आणून लावलेला आहे, असे त्यांनी नोंदविले. म्हणजे हिंदू विवाहसंस्थेत परका कायदा घुसवू नका, असे सांगणारा न्यायाधीश इंग्रज होता!

यावर पुण्या-मुंबईच्या धर्मरक्षकांनी त्याचे आभार मानावयास हवे होते. घडले उलटेच. धर्म बुडाला म्हणून गहजब झाला. लोकमान्य टिळकांनी दादाजीच्या बाजूने लेखणी चालविली. १८८६ साली अपिलात पिन्हींचा निकाल फिरविण्यात आला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी फर्मावले की, रखमाबाईंनी नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला. पुढे लंडनला जाऊन रखमाबाई डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी जन्मभर रुग्णसेवा केली.

दोन हजार रुपये! ज्या नात्याला संस्कार म्हणून डोक्यावर घेण्यात आले होते, त्याचा भाव अखेरीस रोखीत ठरला. मालमत्तेच्या दाव्याची तडजोड जशी होते तशीच ही झाली, कारण मुळात तो दावा मालमत्तेचाच होता.

चर्चने काय दिले?

हा दावा आला कोठून? इंग्लंडमध्ये १८५७ सालापर्यंत विवाहविषयक वाद चर्चची न्यायालये चालवीत. विवाह हे पवित्र बंधन आहे आणि त्यातून पती-पत्नी दोघांवरही एकमेकांचे देहरूप ऋण चढते, अशी ख्रिस्ती धर्मशास्त्राची धारणा होती. संत पॉलने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तिचा उगम आहे. जो जोडीदार घर सोडून जाई त्याला परत येण्याचा हुकूम चर्च देई आणि न मानल्यास बहिष्कृत करी. १८१३ साली बहिष्काराच्या जागी सहा महिन्यांपर्यंतचा तुरुंगवास आला. पुढे चर्चचे अधिकार दिवाणी न्यायालयाकडे गेले, पण दावा तसाच राहिला. हिंदुस्थानातील न्यायालयांनी तो येथील हिंदू-मुसलमानांनाही लावला आणि त्यावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचे शिक्कामोर्तब झाले. कंपनीच्या आणि राणीच्या न्यायाधीशांना आपल्या देशातील चाल हीच सर्व जगाची सद्सद्विवेकबुद्धी वाटत असे.

येथे ख्रिस्ती नीतीवर अन्याय होता कामा नये. पॉलचे ऋण दुतर्फा आहे. पत्नीच्या देहावर पतीचा अधिकार, तसाच पतीच्या देहावर पत्नीचा, असे तो सांगतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मध्ययुगीन चर्चने विवाहाचा पाया संमती हाच मानला होता. वधू आणि वर या दोघांची संमती नसेल तर बाप, सरदार किंवा राजा यांच्या इच्छेने विवाह सिद्ध होत नाही, हा त्या काळात लहानसहान सिद्धान्त नव्हता. बारा वर्षे पुरी होण्याआधी मुलीचे लग्न लावले गेले असेल, तर त्या वयात आल्यावर तिला ते नाकारण्याची मुभा चर्चच्या कायद्यात होती.

आता रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते, हे ध्यानात घ्यावे. त्या जे मागत होत्या ते चर्चच्या जुन्या कायद्यानेसुद्धा दिले असते. साम्राज्याच्या न्यायालयाने चर्चकडून हुकूम घेतला, पण त्या हुकुमाला नीतीचा आधार देणारी संमतीची अट घेतली नाही. बेडी बोटीतून मुंबईला आली. किल्ली लंडनलाच राहिली. ही निवड आंधळेपणाने झालेली नव्हती. येथील बापांना, नवऱ्यांना आणि जातिपंचायतींना बेडी हवी होती, किल्ली नको होती. आणि राज्यकर्त्यांना त्यांना दुखवावयाचे नव्हते. इंग्लंडच्या पार्लमेंटने १८८४ साली या हुकुमाच्या अवज्ञेसाठी असलेला तुरुंगवास काढून टाकला. त्यानंतर तीन वर्षांनी मुंबईत रखमाबाईंना त्याच तुरुंगाचा धाक घालण्यात आला. वसाहतीला मालकाची टाकून दिलेली कापडेच मिळतात.

ख्रिस्ती नीतीतून संमतीची किल्ली उचलणारी माणसेही याच महाराष्ट्रात होती. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या जोखडाखाली मान देण्यास त्यांनी नकार दिला आणि मठवासी भगिनींशी त्या निर्भयपणे भांडल्या. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात रखमाबाईंच्या खटल्याची दखल आहे. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती जगापुढे मांडणाऱ्या या ख्रिस्ती स्त्रीने ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या न्यायालयालाही सोडले नाही.

त्यांच्या शारदा सदनात शिकलेल्या पहिल्या विधवा म्हणजे गोदूबाई जोशी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. मुरूडच्या गावकऱ्यांनी या जोडप्यावर बहिष्कार घातला. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो कोथरूडच्या शेजारी हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. ज्या पुतळ्याच्या सावलीत आज परक्या नीतीचा धिक्कार होतो, त्या पुतळ्यातील माणसाचा संसार एका ख्रिस्ती स्त्रीच्या शाळेत शिकलेल्या, स्वतःच्या निर्णयाने दुसऱ्यांदा लग्न केलेल्या विधवेबरोबर झाला. हा इतिहास कोथरूडकरांना पचत नसेल तर पुतळ्याला हार तरी घालू नयेत.

तत्त्वज्ञांचेही पाय मातीचे

तथापि ‘पश्चिम म्हणजे मुक्ती’ अशी समजूत जर पुरोगामी मंडळींत असेल, तर तीही सोडावी लागेल. माणसाला कधीही निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असे शिकविणारा इमॅन्युएल कांट घ्या. नीतिशास्त्रात याहून उदात्त आज्ञा सापडणे कठीण. पण १७९७ सालच्या ग्रंथात विवाहाकडे वळताच हाच कांट सांगतो की, वैवाहिक हक्क हा वस्तूवरील मालकीसारखा व्यक्तीवरील हक्क आहे. एक जोडीदार निघून गेला तर दुसऱ्याला त्याला एखाद्या वस्तूसारखे परत आपल्या ताब्यात आणता येते. सार्वत्रिक नियमाचा हा महर्षी घराच्या उंबरठ्यावर आला आणि अडखळला. दादाजीच्या वकिलाला याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता.

याच्या उलट जॉन स्टुअर्ट मिल. १८५१ साली हॅरिएट टेलर हिच्याशी लग्न करताना पतीला कायद्याने मिळणारे सारे अधिकार आपण नाकारतो, असे त्याने लेखी जाहीर केले आणि १८६९ साली स्त्रियांच्या दास्यावर ग्रंथ लिहिला. गुलामाच्या स्त्रीलादेखील मालकाला नकार देण्याचा निदान नैतिक अधिकार असतो, पत्नीला तोही नाही, असा त्याच्या मांडणीचा आशय होता. आगरकरांच्या ‘सुधारका’ला विचारांचे बळ मिळाले त्या उगमांत मिल आहे. पण मिलच्या विरोधात १८७३ साली ग्रंथ लिहून सक्तीची आणि पतीच्या वरचढपणाची तरफदारी करणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफनही उपयुक्ततावादीच होता; आणि व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री म्हणून बसून हिंदुस्थानचे कायदे घडविणारा तोच होता. मिलची पुस्तके आमच्या महाविद्यालयांत आली आणि स्टीफनची वृत्ती आमच्या कायद्यांत आली.

तेव्हा पूर्व की पश्चिम, हा प्रश्नच खोटा आहे. आमच्या स्मृतिकारांनी स्त्रीला स्वातंत्र्य दिले होते, असेही कोणी समजू नये. नांदावयास आणण्याचा दावा त्यांच्याकडे नव्हता, कारण त्यासाठी न्यायालयाची गरजच नव्हती. बाप, भाऊ आणि दीर पुरेसे होते. पश्चिमेत कांटही आहे आणि मिलही; ख्रिस्ती धर्मात संमतीही आहे आणि बेडीही; महाराष्ट्रात टिळक आहेत आणि आगरकरही. खरा प्रश्न एवढाच: प्रत्येक परंपरेतून कोण काय उचलतो, आणि ते कोणाच्या फायद्याचे असते?

मजूर सुटला, बायको राहिली

अर्थशास्त्राच्या अंगाने पाहिले तर या उचलण्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. दिवाणी कायद्याचा सर्वमान्य नियम असा की, व्यक्तिगत सेवेचा करार मोडला तर नुकसानभरपाई मागता येते, पण माणसाला धरून आणून काम करावयास लावता येत नाही. गायिकेने करार मोडला तर न्यायालय तिला दुसऱ्याच्या रंगमंचावर गाण्यास मनाई करील. तिच्या घशातून सूर काढू शकणार नाही. या नियमाला ब्रिटिश हिंदुस्थानात एक मोठा अपवाद होता. १८५९ च्या तेराव्या कायद्याने उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला कामावर परत जाण्याचा हुकूम देता येत असे आणि न गेल्यास तुरुंगात टाकता येत असे. मळेवाले आणि ठेकेदार यांचे ते आवडते हत्यार होते.

मजूर आणि बायको या दोघांना ‘परत जा, नाहीतर तुरुंग’ असे फर्मावणारे राज्य एकच होते. दोघांच्या बाबतीतही श्रम आणि देह विकत घेतल्यावर नकार उरत नाही, हेच गृहीत होते. मजुरांच्या बाबतीत तो कायदा १९२५ साली रद्द करण्यात आला. पत्नीच्या बाबतीत १९२३ साली तुरुंग गेला, पण हुकूम राहिला. आजही दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार या हुकुमाच्या अंमलबजावणीसाठी मालमत्ता जप्त करता येते. कामगाराला वेठीतून सोडविणारी चळवळ जर घराच्या दाराशी थांबली असेल, तर ती अर्धीच झाली असे म्हटले पाहिजे.

स्वतंत्र भारताची कामगिरी

स्वातंत्र्यानंतर तरी काय झाले? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम ९ मध्ये हा दावा जसाच्या तसा घेतला. पिन्हींच्या मते जो दावा हिंदूंचा नव्हताच, तो संसदेने हिंदूंच्या नावावर चढविला. १९७० च्या कायद्याने इंग्लंडने तो आपल्याकडून कायमचा काढून टाकला. १९८३ साली आंध्र प्रदेश हायकोर्टाचे न्यायमूर्ती चौधरी यांनी कलम ९ घटनाबाह्य ठरविले. मूल होऊ द्यावे की नाही हा निर्णय या हुकुमाने स्त्रीच्या हातून काढून सरकारच्या हाती जातो, असे त्यांनी बजावले. पण त्याच वर्षी, राज्यघटना घरात आणणे म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडण्यासारखे आहे, अशा आशयाचे मत दिल्ली हायकोर्टाने दिले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कलम ९ ला जीवदान दिले. कारण काय? तर ते विवाह मोडण्यापासून वाचविते. प्रत्यक्षात हुकूम झाल्यावर वर्षभर सहवास झाला नाही तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. घर वाचविण्याच्या नावाने घर मोडण्याचा हा राजमार्ग आहे. २०१८ साली विधी आयोगानेही आपल्या विचारपत्रात ही तरतूद काढण्याच्या बाजूने मत दिले. कलम जागच्या जागी आहे.

फौजदारी कायद्याची कथा याहून वाईट. पत्नीने विवाहाच्या वेळी दिलेली संमती तिला कधीच मागे घेता येत नाही, हा सिद्धान्त इंग्लंडचे न्यायाधीश मॅथ्यू हेल यांचा. त्यांच्या मृत्यूनंतर १७३६ साली तो छापला गेला. १६६२ साली दोन स्त्रियांना चेटकिणी ठरवून फासावर पाठविणारे ते हेच हेल. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. पण चेटूक मानणाऱ्या न्यायाधीशाचे हे वचन मात्र येथे अजून प्रमाण आहे! १८६० च्या दंडसंहितेत पत्नी दहा वर्षांहून मोठी असेल तर पतीला सूट होती. १८९० साली बंगालमध्ये दहा-अकरा वर्षांची फुलमणी पतीच्या बळजोरीने मेली, तेव्हा त्याच्यावर बलात्काराचा आरोपच टिकू शकला नाही. एका वर्षाच्या सक्तमजुरीवर तो सुटला. त्यानंतर १८९१ साली वय बारा करण्याचे विधेयक आले, तर पुण्यात केवढे रण माजले! टिळक विरोधात, आगरकर, रानडे, भांडारकर बाजूने. पुढे वय पंधरा झाले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अठरा केले. परंतु अठरा पुरी झालेल्या पत्नीबाबतची सूट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही दुसरा अपवाद म्हणून कायम आहे. गुलामीची चिन्हे पुसण्यासाठी नवी संहिता आणल्याचे सरकारने सांगितले होते. हेलचे चिन्ह मात्र जपून ठेवण्यात आले.

ही दोन कलमे एकत्र वाचली म्हणजे त्यांची युती ध्यानात येते. पत्नी वेगळी राहत असेल तर तिच्यावरील बळजोरी आजही गुन्हा आहे. म्हणजे कलम ९ तिला घरात आणते, आणि दुसरा अपवाद त्या घराचे दार आतून लावून घेतो.

बेरीज कोणाची?

सरकारी पक्षाचा युक्तिवाद आता धर्माच्या भाषेत येत नाही. तो लाभहानीच्या भाषेत येतो. २०१३ साली न्यायमूर्ती वर्मा समितीने ही सूट काढण्याची शिफारस केली, तेव्हा संसदीय समितीने कुटुंबव्यवस्थेवर ताण येईल असे कारण दिले. २०२२ साली दिल्ली हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितले की, विवाहातील अशा कृत्याला बलात्कार म्हणणे अतिकठोर होईल आणि त्याचा विवाहसंस्थेवर परिणाम होईल. थोडक्यात, समाजाचे एकूण हित मोठे. काही स्त्रियांचे दुःख त्यापुढे सोसावे.

हा उपयुक्ततावाद नव्हे, त्याचे विडंबन आहे. बेंथॅमच्या हिशेबाचा पहिला नियम असा की, प्रत्येक माणूस एक म्हणून मोजावा, कोणालाही एकाहून अधिक मोजू नये. येथे मात्र कुटुंब एक म्हणून मोजले जाते आणि त्याच्या वतीने बोलतो कर्ता पुरुष. अर्थशास्त्रातही ही चलाखी रुळलेली आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांच्या १९८१ च्या कुटुंबविषयक ग्रंथात घरचा प्रमुख परोपकारी मानला आहे. साऱ्यांचे सुख तो आपल्या सुखात मिळवून घेतो, म्हणून घराच्या आत पाहण्याची गरजच उरत नाही. अमर्त्य सेन यांनी या गृहीतकावर बोट ठेवले: कुटुंबात सहकार्य असते तसा संघर्षही असतो, आणि ज्याची बाहेर पडण्याची ताकद कमी, त्याच्या वाट्याला तडजोड अधिक. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी दर १०० मध्ये सुमारे २९ जणींनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. या बायका कोणत्या बेरजेत धरल्या गेल्या?

सुतारदऱ्याची बाजू

हा प्रश्न शिकलेल्या बायकांचा, असे पक्षातले काही जण मानतात. त्यांनी कोथरूडमध्येच सुतारदरा, किष्किंधानगर, जय भवानीनगर या वस्त्यांत जाऊन पाहावे. तेथील बायका सकाळी सोसायट्यांतून धुणे-भांडी, स्वयंपाक आणि मुले सांभाळण्याची कामे करतात आणि संध्याकाळी घरी येऊन तेच काम बिनपगारी करतात. पगाराच्या दिवशी नवरा पैसे मागतो. रात्री दुसरे काही मागतो. दोन्हींना नकार दिला तर मार. ती माहेरी गेली आणि तिने पोटगी मागितली, म्हणजे वकिलाच्या सल्ल्याने नांदावयास येण्याचा दावा पडतो. त्याला ती परत हवी असते असे मुळीच नाही. सबळ कारणाशिवाय पतीकडे राहण्यास नकार देणाऱ्या पत्नीला पोटगी नाही, या तरतुदीचा आधार त्याला हवा असतो. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निव्वळ असा हुकूम पाळला नाही म्हणून पोटगी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला हे चांगले झाले. पण दावा लागतच राहील, तारखा पडतच राहतील आणि प्रत्येक तारखेला तिचा एक दिवसाचा रोज बुडत राहील. जिचे पोट रोजच्या कामावर आहे तिला हुकुमापेक्षा तारीखच अधिक मारते.

हा कायदा स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच आहे, असे सांगण्यात येते. कागदावर आहे. पण परत गेल्यावर मार कोणाला, गर्भ कोणाला, आणि दार कोण लावणार, हे कागदावर लिहिलेले नसते.

आक्षेप आणि उत्तरे

खोट्या तक्रारी होतील, हा पहिला आक्षेप. खोटी तक्रार चोरीचीही होते; म्हणून चोरीला कोणी सूट दिलेली नाही. पुरावा कठीण आहे, हे खरे. पण पुराव्याची अडचण आणि गुन्हाच नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विवाहसंस्था कोसळेल, हा दुसरा. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९९१ साली हेलचा सिद्धान्त मोडीत काढला. तेथे लग्ने लागतच आहेत. आणि नेपाळ? २००२ साली नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने पत्नीच्या इच्छेविरुद्धचा संबंधही बलात्कारच ठरविला. त्या वेळी नेपाळ हे घटनेनेच हिंदू राज्य होते. संस्काराचे भय हिंदू राज्याला वाटले नाही. ते कोथरूडच्या व्याख्यात्यांना वाटते.

तिसरा आक्षेप डाव्या गोटातला आहे आणि तो गंभीर आहे. फौजदारी कायद्याचा वरवंटा नेहमी गरीब, दलित, भटक्या पुरुषावरच फिरतो; नवे कलम म्हणजे तुरुंगात आणखी गरीब, असे काही कार्यकर्ते म्हणतात. पोलिसांबद्दलचा हा अविश्वास अनुभवातून आलेला आहे. पण त्यावरचा उपाय पोलिसांना वेसण घालणे, मोफत कायदेशीर साहाय्य देणे हा आहे. गरीब पुरुषाला न्याय देण्यासाठी गरीब स्त्रीचा देह वजा करण्याचा अधिकार कोणत्याही समाजवादाला नाही. शिवाय आजच्या सुटीचा लाभ गरिबांपुरता नाही. बंगल्यातला पतीही तिच्याच आड उभा असतो.

मागणी स्पष्ट हवी

पक्षाने यावर न्यायालयाची वाट पाहत बसू नये. कलम ९ रद्द व्हावे. आणि ख्रिस्ती, पारशी व विशेष विवाह कायद्यांतील त्याच्या भावंडांनाही तोच न्याय लावावा, म्हणजे एका धर्मावर रोख असल्याची ओरड उरणार नाही. न्याय संहितेतील दुसरा अपवाद जावा. त्याबरोबरच पोटगीचा निकाल ठरावीक मुदतीत लागावा. वेगळी राहणाऱ्या स्त्रीला निवारा, रेशनकार्ड आणि मुलांचा शाळाप्रवेश यांसाठी पतीच्या सहीची गरज पडू नये. घरकामगार स्त्रीला किमान वेतन आणि रजा मिळावी. नकार देण्याचा हक्क नुसता कायद्यात लिहून भागत नाही. नकार दिल्यावर रात्री झोपावयास छप्पर आणि सकाळी खावयास भाकरी लागते. मिलच्या मांडणीत हा भाग दुबळा आहे. तो पुरा करणे हे समाजवाद्यांचे काम.

आणि एक हिशेब घरचाही आहे. मजुराच्या वेठीविरुद्ध घसा कोरडा करणारे किती कार्यकर्ते घरी जाऊन बायकोच्या नकाराला नकार मानतात? मोर्च्याहून परतल्यावर ताट कोण वाढतो, आणि दिवा मालविण्याचा निर्णय कोणाचा असतो? १८८७ साली रखमाबाईंनी तुरुंग पत्करावयाचे ठरविले, तेव्हा त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरणारा पक्ष नव्हता. आज पक्ष आहे, झेंडा आहे, साप्ताहिक आहे. हिंगण्याच्या माळावरील त्या झोपडीत शिकावयास आलेल्या मुलींना तर यांपैकी काहीच नव्हते. ‘नाही’ म्हणता येण्याइतके बळ मिळावे म्हणून त्या आल्या होत्या. त्यांच्या पणत्यांना कायदा अजून सांगतो की, लग्नाच्या दिवशी एकदा ‘हो’ म्हटले म्हणजे जन्मभराचे झाले. ती किल्ली लंडनहून आणावयाची नाही. ती येथेच घडवावयाची आहे.